औषधाच्या डबींतला विषाद

ज्या घरांत दीर्घ मुदतीचा रोगी आहे त्या घरांत औषधांचा एक डबा असतो. कोणाकडे तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असेल, कोणाकडे सात वारांचे सात कप्पे असलेली नवी डबी असेल. पण त्याची जागा ठरलेली असते आणि तो उघडण्याच्या वेळाही ठरलेल्या असतात. ह्या डब्यांतून कोणकोणत्या आपत्ति बाहेर येऊं शकतात ह्याचें ज्ञान आमच्या गृहिणींना चांगलें असतें. अमुक गोळीनें पित्त खवळतें, तमुक गोळीनें पायांवर सूज चढते, तिसरीनें कोरडा खोकला लागतो, हें त्या कित्येकदां डॉक्टरांच्या आधीं ओळखतात. परंतु त्याच डब्यांतून मनाचें दुखणेंही बाहेर पडूं शकतें, ही गोष्ट अद्याप फारशी कोणाच्या ध्यानीं आलेली दिसत नाहीं. माणूस उदास झाला, बोलेनासा झाला, कीं त्याचें कारण आपण सुनेच्या बोलण्यांत शोधतों, मुलाच्या वागण्यांत शोधतों, ग्रहांत शोधतों. आणि कोठेंच सांपडलें नाहीं म्हणजे 'वयोमानाप्रमाणें चालायचेंच' असें म्हणून मोकळे होतों. डब्याकडे कोणी पाहत नाहीं.

संस्कृतांत ह्या अवस्थेस 'विषाद' हा नेमका शब्द आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचें नांवच अर्जुनविषादयोग. आणि त्या अध्यायांत अर्जुन आपली अवस्था सांगूं लागतो तेव्हां प्रथम शरीराचीं लक्षणें सांगतो, विचाराच्या गोष्टी मागाहून बोलतो, हें आम्ही वर्गांत मुलांच्या नजरेस मुद्दाम आणून देत असूं. परंतु अर्जुनाच्या विषादास कारण होतें. आप्तस्वकीय समोर उभे होते. कारण होतें म्हणूनच त्यास उत्तर देतां आलें, त्याची समजूत घालतां आली. औषधापासून उपजलेल्या विषादाची गोष्ट निराळी. त्या रोग्यास विचारावें, "बाबा रे, तुला झालें तरी काय?" तर तो "कांहीं नाहीं" असें सांगतो, आणि तें अगदीं खरें असतें. त्याच्या आयुष्यांत कांहींच झालेलें नसतें. जें झालें तें त्याच्या मेंदूंतील रसांच्या जमाखर्चांत झालेलें असतें. तेथें उपदेशाचा शिरकाव कोठून होणार? 'मन घट्ट कर' हें वाक्य आपल्या घरांत औषधासारखें दिवसांतून तीनदां दिलें जातें. पायांवर आलेल्या सुजेला कोणी 'मन घट्ट कर' म्हणत नाहीं.

हें सारें पाश्चात्यांचें खूळ आहे असें कोणास वाटल्यास त्यानें आपल्याच मुंबईची एक हकीकत ऐकावी.

सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांस पूर्वापार ठाऊक आहे. बिहारांत व बंगाल्यांत तर तिला लोक 'वेड्यांचें औषध' ह्याच नांवानें ओळखत. १९३१ सालीं सेन व बोस ह्या बंगाली वैद्यकशास्त्रज्ञांनीं लेख लिहून तिचे दोन गुण जगापुढें मांडले : ती उन्मादाचा भर उतरविते आणि वाढलेला रक्तदाबही उतरविते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुज्जमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी ह्यांनीं तिच्या मुळांतून कांहीं सत्त्वें वेगळीं काढलीं व एकास हकीम अजमलखानांच्या नांवावरून 'अजमलीन' असें नांव दिलें. परंतु सर्व जगाच्या डॉक्टरांचे डोळे ह्या मुळीकडे वळविले ते मुंबईच्या एका पारशी डॉक्टरानें. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर सर्पगंधेचा पद्धतशीर प्रयोग करून त्याचा वृत्तांत १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल' ह्या विलायती नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्या काळीं रक्तदाबावर खात्रीचें असें औषध जवळजवळ नव्हतेंच. वकिलांच्या त्या लेखानें मोठीच खळबळ उडाली. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या रसायनज्ञांनीं त्या मुळींतून 'रेसर्पीन' नांवाचें शुद्ध सत्त्व काढलें, त्याच्या गोळ्या झाल्या आणि देशोदेशींचे लोक त्या घेऊं लागले. वकिलांना १९५७ सालीं अमेरिकेचा लास्कर पुरस्कार व पुढच्याच वर्षीं पद्मभूषण मिळालें. (ह्याच सीबा कंपनीनें १९६३ सालीं गोरेगांवांत, म्हणजे आमच्या मरोळपासून आरेच्या पलीकडच्या अंगास, आपलें संशोधन केंद्र काढलें होतें. आमच्या उपनगरांचा ह्या औषधाशीं असाही एक संबंध.)

येथवर हकीकत अभिमानाची आहे. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाहीं. १९५४ सालींच अमेरिकेंतील डॉ. एडवर्ड फ्राइस ह्यांनीं नोंद केली कीं, रेसर्पीन मोठ्या मात्रेनें व दीर्घकाळ घेणारे कांहीं रोगी खिन्न होत आहेत. रक्तदाब उतरला, परंतु माणूसही उतरला. पाठोपाठ तशाच नोंदी इतर ठिकाणांहून येऊं लागल्या. त्यांत गंभीर खिन्नतेचे व आत्मघाताच्या विचारांचे रोगीही होते. आणि लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, ही अवस्था पहिल्या दिवशीं येत नसे. औषध सुरू होऊन आठवडे, कित्येकदां महिने लोटल्यावर येई. त्यामुळें रोग्याच्या घरच्यांना औषधाचा संशय येण्याचें कारणच उरत नसे.

असें कां व्हावें? ह्याचा शोध १९५५ पासून अमेरिकेंतील बर्नार्ड ब्रॉडी ह्यांच्या प्रयोगशाळेंत व अन्यत्र लागत गेला. मेंदूंतील पेशी एकमेकींना निरोप पोंचवितात ते कांहीं रसायनांच्या द्वारें. सेरोटोनीन, नॉरॲड्रेनलीन, डोपामीन हीं त्यांचीं नांवें. हीं रसायनें पेशींच्या आंत सूक्ष्म पिशव्यांत सांठविलेलीं असतात. रेसर्पीन त्या पिशव्या भरूं देत नाहीं. तोंड बांधलेल्या रांजणावर पाणी ओतीत राहावें, तसें मग होतें. पाणी येतें, पण सांठत नाहीं, वाहून जातें. आणि रांजण एकदां रिकामा झाला म्हणजे गोळी बंद केल्याबरोबर तो भरत नाहीं. भरावयास त्याचा काळ जावा लागतो. मनाच्या दुखण्यास शरीरांत कांहीं ठाव आहे, ही कल्पना आधुनिक वैद्यकांत रुजविण्यास आपल्या ह्या मुळीनें मोठा हातभार लावला, हें सांगितल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथें एक प्रामाणिक पुरवणी जोडली पाहिजे. रेसर्पीन सर्वांनाच खिन्न करतें असें नाहीं. १९५५ सालींच लंडनमध्यें चिंताग्रस्त व खिन्न रोग्यांना तें दिलें असतां कित्येकांस उलट बरें वाटल्याचा अनुभव प्रसिद्ध झालेला आहे. आणि अलीकडे जुन्या नोंदी पुन्हां चाळणाऱ्या संशोधकांचें म्हणणें असें पडलें कीं, ज्यांना खिन्नता म्हणून लिहिलें गेलें त्यांतील बऱ्याच जणांस केवळ सुस्ती व गुंगी होती, आणि मोठ्या मात्रांचा तो परिणाम होता. हा वाद विद्वानांनीं खुशाल चालवावा. गृहस्थाश्रमी माणसास त्यांतून घ्यावयाचें तें एवढेंच कीं, ज्याला पूर्वीं कधीं खिन्नतेचा आजार होऊन गेला आहे त्यास हें औषध देऊं नये, हा डॉक्टरांचा नियम आजही कायम आहे. रेसर्पीनच्या गोळ्या आतां डॉक्टर क्वचितच लिहितात. परंतु सर्पगंधेच्या गोळ्या आयुर्वेदीय औषधांच्या दुकानांत मिळतात, आणि 'झाडपाल्याचें औषध, त्याला कसला अपाय' असें म्हणून झोंपेसाठीं वा रक्तदाबासाठीं त्या परस्पर घेणारीं माणसें आमच्या पाहण्यांत आहेत. ज्या मुळींत रक्तदाब उतरविण्याचें सामर्थ्य आहे तिच्यांत दुसरें सामर्थ्य नसेलच कशावरून, एवढा प्रश्न तरी त्यांनीं आपल्या मनाला विचारावा. आम्हांस आयुर्वेदाचा आदर आहे. म्हणूनच त्याच्या औषधाला पोरखेळ समजणें आम्हांस रुचत नाहीं.

ह्याच्या अगदीं उलट गोष्ट क्षयाच्या औषधांत घडली. १९५२ सालीं न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयरोग्यांना 'इप्रोनियाझिड' नांवाचें नवें औषध देण्यांत आलें, तों महिनोन्महिने अंथरुणास खिळलेले रोगी वॉर्डांत नाचूं लागल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत झळकल्या. त्यांतूनच पुढें खिन्नतेवरील पहिल्या औषधांपैकीं एक निघालें. क्षयाच्या एका औषधानें मन असें चढतें, तर दुसऱ्यानें तें खालीं कां जाणार नाहीं? आणि तेंच झालेलें आहे. त्या दुसऱ्या औषधाचें नांव 'सायक्लोसेरीन'. १९५० नंतरच्या दशकांत निघालेलें हें औषध साध्या क्षयांत द्यावें लागत नाहीं. नेहमींच्या औषधांस जो क्षय दाद देत नाहीं त्या हट्टी क्षयांत, दीड-दोन वर्षांच्या लांब उपचारक्रमांत तें वापरतात. जंतूवर तें चांगलें चालतें. परंतु त्याचें चालणें तेवढ्यावर थांबत नाहीं. कांहीं रोग्यांत तें खिन्नता, भ्रम, क्वचित् झटके आणि आत्मघाताचे विचार उत्पन्न करतें.

जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें एक चतुर्थांश आपल्या देशांत आहेत, आणि मुंबई तर ह्या हट्टी क्षयाकरितां दुर्दैवानें प्रसिद्धच आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया ह्यांनीं जवळजवळ सर्वच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी प्रसिद्ध केले, त्यावरून २०१२ च्या आरंभीं केवढा गहजब झाला होता तो वाचकांना आठवत असेल. आम्ही राहतों तें मरोळही ह्यास अपवाद नाहीं. जुनें गांवठाण, त्याभोंवतीं औद्योगिक वसाहत, पलीकडे सीप्झ, आणि मधल्या जागेंत एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या चाळी व इमारती. येथें खोकला एका खोलींतून दुसऱ्या खोलींत जावयास परवानगी मागत नाहीं. क्षय हा गरिबांचाच रोग असें समजणाऱ्या सुखवस्तु घरांतही तो येतो. फक्त तेथें त्याचें नांव हळू आवाजांत घेतात.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी, संस्कृतांत बरा, गणितांत त्याहून बरा, येथल्याच एका कारखान्यांत हिशेबनीस होता. घरांत आजी, आईवडील, काका-काकू, थोरले बंधु, वहिनी व त्यांचीं मुलें असा अकरा माणसांचा परिवार. मुलास हट्टी क्षय झाला. सहा-सात औषधें सुरू झालीं. दोन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, वजन चार किलो वाढलें. घरच्यांनीं सुटकेचा श्वास टाकला. आणि नेमकें तेव्हांच त्यानें बोलणें सोडलें. सकाळचा चहा पुढ्यांत निवून जाई. पुतण्या पाढे म्हणून दाखवावयास येई तर भिंतीकडे तोंड करी. आजी म्हणाली, दृष्ट लागली. काका म्हणाले, नोकरी गेली त्याचा धक्का बसला. वडिलांना वाटे, आयतें बसून खाण्याची संवय लागली. काकूंनीं दबल्या आवाजांत वहिनीचेंच कांहीं बोलणें लागलें असेल असें सुचविलें. आणि एकत्र कुटुंबांत अशी सूचना एकदां झाली म्हणजे ती घरभर कशी फिरते, हें आमच्या वाचकांना सांगावयास नको.

वडील आमच्याकडे आले. "गुरुजी, तो तुमचें ऐकतो. चार शब्द सांगा." आम्ही गेलों, बसलों. धैर्याच्या व पुरुषार्थाच्या जेवढ्या गोष्टी आम्हांस येतात तेवढ्या सांगितल्या. त्यानें सर्व ऐकून घेतलें; जुन्या वळणाचा मुलगा, मध्यें एकदांही जांभई दिली नाहीं. मग म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगतां तें सगळें खरें आहे. पण तें माझ्यापर्यंत पोंचत नाहीं. मी नसतों तर ह्या सगळ्यांचें बरें झालें असतें, एवढेंच मनांत येत राहतें."

गांठ सुटली ती वहिनीच्या हातून, जिच्यावर घराचा रोख होता तिच्याच. गोळ्या देण्याचें काम तिच्याकडे होतें, आणि दुधाचा हिशेब ती भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटींत लिहीत असे, तशाच औषधांच्या खुणाही त्यांतच करी. एके दिवशीं तिनें तीं पानें काढून सासऱ्यांपुढें ठेवलीं. "मामंजी, ह्या कॅप्सुला दोनाच्या तीन झाल्या त्या भाऊबीजेच्या दिवशीं. आणि भाऊजी बोलायचे थांबले ते देवदिवाळीच्या सुमाराला. त्याच्या आधीं क्षय होता, नोकरी गेलेली होती, सगळें होतें. पण भाऊजी हंसत होते." एवढेंच ती बोलली. दुसऱ्या दिवशीं ते कागद घेऊन वडील व मुलगा डॉक्टरांकडे गेले. ती तिसरी कॅप्सूल सायक्लोसेरीनची होती.

डॉक्टरांनीं काय केलें हें आम्ही जरा विस्तारानें सांगतों, कारण 'अशावेळीं उपाय तो काय' हा प्रश्न प्रत्येक घरांत हाच असतो. त्यांनीं प्रथम रोग्यास सरळ विचारलें, "जीव द्यावा असें मनांत येतें काय?" आई दचकली. अशा प्रश्नानें तो विचार रोग्याच्या डोक्यांत भरेल अशी भीति पुष्कळांस वाटते. ती खोटी आहे. विचारल्यानें विचार वाढत नाहीं, उलट कोणी विचारलें ह्यानेंच रोग्याचें ओझें कांहींसें हलकें होतें. नंतर त्यांनीं रक्त तपासलें. तें दोन कारणांसाठीं. सायक्लोसेरीन शरीराबाहेर पडतें तें मूत्रपिंडांवाटे. तीं मंद असतील तर औषध आंत सांचून राहतें. आणि हट्टी क्षयांत दिलें जाणारें 'इथिओनामाइड' नांवाचें आणखी एक औषध गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि मंद करतें. ती मंद झाली कीं माणूस सुस्त, थंड व उदास होतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यास ती खिन्नताच वाटते. तेथें खिन्नतेचें औषध देऊन काय उपयोग? ग्रंथीची उणीव भरून काढावी लागते. ह्या मुलाची थायरॉइड ठीक निघाली. मग सायक्लोसेरीनची मात्रा उतरविली, त्याच्या जोडीचें ब-६ जीवनसत्त्व चालू आहे ना हें पाहिलें, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविलें. त्या डॉक्टरांना त्यांनीं चिठ्ठींत ठळक अक्षरांत लिहिलें कीं, रोगी 'लिनेझोलिड' घेत आहे.

ह्या एका ओळीचें महत्त्व मोठें आहे. लिनेझोलिड हें जंतूंवरचें औषध खरें, पण त्याच्या अंगीं वर सांगितलेल्या इप्रोनियाझिडासारखाच एक गुण थोड्या प्रमाणांत आहे. तें सेरोटोनीनचा नाश होऊं देत नाहीं. त्याच वेळीं खिन्नतेवरच्या नेहमींच्या गोळ्या दिल्या तर सेरोटोनीन फार वाढून कांपरें, ताप, घाबरेपणा असा धोक्याचा प्रकार होऊं शकतो. म्हणून तज्ज्ञांनीं घाईनें गोळी दिली नाहीं. मात्रा उतरविल्याचा परिणाम पाहिला आणि दर आठवड्यास बोलावून बोलणें चालू ठेवलें. एका डॉक्टरचीं औषधें दुसऱ्या डॉक्टरास न सांगण्याची आमच्या लोकांना एक चमत्कारिक भीड आहे; मनाच्या डॉक्टरकडे गेल्याचें तर छातीच्या डॉक्टरास मुळींच कळूं द्यावयाचें नाहीं! ती भीड अशा ठिकाणीं जिवावर येते. तीन आठवड्यांनीं त्या मुलानें पुतण्याचे पाढे ऐकले. सतराचा चुकला तो सुधारलाही. क्षयाचा उपचार पुढें पुरा झाला. तो आतां कामावर जातो.

सर्वच वेळीं औषध कमी वा बंद करतां येतें असें नाहीं. औषधाविना रोग बळावणार असेल तर तें चालूच ठेवून जोडीला खिन्नतेचा उपचार करावा लागतो, आणि तो लागूही पडतो. इंटरफेरॉन हें असेंच एक कुप्रसिद्ध औषध; कर्करोगाच्या कांहीं प्रकारांत व पूर्वीं यकृताच्या सी-काविळींत तें पुष्कळ वापरीत. २००१ सालीं अमेरिकेंत तें घेणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाच्या ४० रोग्यांपैकीं कांहींना दोन आठवडे आधींपासून खिन्नतेवरील गोळी दिली, इतरांना नुसती दाखल्यापुरती पोकळ गोळी दिली. पोकळ गोळी घेणाऱ्यांत शेंकडा ४५ जणांना खिन्नतेनें गांठलें. खरी गोळी घेणाऱ्यांत शेंकडा ११ जणांना. सी-काविळीला आतां निराळीं, पोटांत घ्यावयाचीं औषधें निघालीं आहेत, त्यामुळें तेथें ही आपत्ति टळली. हट्टी क्षयांतही २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें सहा महिन्यांचा नवा उपचारक्रम पुरस्कारिला व २०२४ सालीं आपल्या सरकारनेंही त्यास मान्यता दिली. त्यांत सायक्लोसेरीन नाहीं. ज्यांना तो लागू पडतो त्यांचें भाग्य.

वाचकांच्या घरांत अधिक आढळणारें औषध म्हणजे स्टिरॉइड. दमा, संधिवात, त्वचेचे विकार, किती ठिकाणीं तें घ्यावें लागतें. त्याची तऱ्हा अशी कीं, प्रथम माणूस कधीं कधीं वाजवीपेक्षां आनंदी होतो, रात्रीं दोन वाजतां कपाटें आवरूं लागतो, आणि मग खालीं येतो. १९७२ सालच्या बॉस्टनमधील एका मोठ्या पाहणींत रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकीं शेंकडा १.३ जणांना मनाचे विकार झाले. ८० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत तेच प्रमाण शेंकडा १८.४ झालें. मात्रेचा महिमा तो असा. परंतु हें वाचून कोणी स्टिरॉइड एकाएकीं बंद करूं नये. तें बाहेरून मिळूं लागलें म्हणजे शरीर स्वतः करीत असलेली त्याची निर्मिति थांबवितें. अचानक बंद केल्यास माणूस कोसळतो. तें पायरीपायरीनेंच उतरवावें लागतें, तेंही डॉक्टरांच्या नजरेखालीं.

आतां कोणी प्रत्येक गोळीकडे वैऱ्याप्रमाणें पाहूं लागेल, तर तेंही शहाणपणाचें नव्हे. हृदयाच्या व रक्तदाबाच्या विकारांत देतात त्या 'बीटा ब्लॉकर' गोळ्यांवर वर्षानुवर्षें खिन्नतेचा आळ होता. २००२ सालीं १५ चांचण्यांतील ३५,००० हून अधिक रोग्यांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हां खिन्नता त्यांत विशेष वाढत नाहीं, थकवा मात्र थोडा वाढतो, असें निघालें. शिवाय दीर्घ आजार स्वतःच मनाला खातो. रोज इंजेक्शन टोंचून घेणारा मधुमेही वा वरचेवर रक्त शुद्ध करून घेणारा मूत्रपिंडाचा रोगी उदास झाला, तर दोष औषधाचाच असेल असें म्हणतां येत नाहीं. निवाडा डॉक्टरनें करावयाचा. परंतु त्यासाठीं लागणारा पुरावा डॉक्टरजवळ नसतो, तो घरांत असतो. दहा मिनिटांच्या भेटींत त्यास काय दिसणार? पूर्वीं असें कधीं झालें होतें काय. कोणतें औषध कोणत्या दिवशीं सुरू झालें, केव्हां वाढलें. आणि झोंप, भूक, बोलणें ह्यांत बदल केव्हांपासून पडला, हें एका कागदावर तारखांनिशीं लिहून न्यावें. तिथींनीं लिहिलें तरी चालेल, डॉक्टर पंचांग पाहतील! त्यांत काढे, चूर्णें, झोंपेच्या गोळ्या, शेजाऱ्यांनीं दिलेल्या पुड्या, सर्व कांहीं यावें.

मरणाच्या गोष्टी रोगी बोलूं लागल्यास मात्र कागद करीत बसूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें व त्यास एकटें सोडूं नये. रात्रीं-अपरात्रीं कोणी भेटत नसेल तर सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सोय केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र, मराठींतही, विनामूल्य बोलतां येतें. तेथें बोलणारा माणूस नातलग नसतो, हा त्याचा मोठाच गुण. घरांत जें बोलवत नाहीं तें परक्यापाशीं बोलवतें.

शेवटीं धीराविषयीं. औषधाची मात्रा उतरली म्हणजे दुसऱ्या दिवशीं मुद्रा उजळते, असें होत नाहीं. खिन्नतेवरील गोळीलाही गुण दाखविण्यास दोन ते चार आठवडे लागतात. रेसर्पीनसारख्या औषधाचा परिणाम तर तें बंद केल्यावरही कांहीं महिने रेंगाळल्याचें डॉक्टर सांगतात. "आतां तर ती गोळी बंद झाली, मग अजून तोंड कां पाडलें आहेस?" हें वाक्य ह्या मधल्या दिवसांत कोणाच्याही तोंडून निघूं नये. त्या दिवसांत औषधांच्या डब्याची किल्ली घरांतील एका जाणत्या माणसाकडे असावी, गोळ्या मोजून त्याच्याच हातून दिल्या जाव्यात, आणि रोग्याचें पान नेहमींच्या वेळीं, त्याच्या नेहमींच्या जागीं, सर्वांच्या पंक्तींत मांडावें. तो जेवो वा न जेवो.